कामडीसाहेबांची बिनटपाची

वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्यात एकतीस वर्षं निरीक्षकी करून प्रभाकरराव कामडी निवृत्त झाले, तेव्हा देवळीच्या व्यापाऱ्यांनी त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारात आदर किती आणि सुटकेचा आनंद किती, हे तोलायचं वजन खात्याकडं नव्हतं. साहेब कोणाचा चहा घेत नसत. दुकानात शिरले की पहिलं वाक्य ठरलेलं : "काटा गिऱ्हाइकाकडं करा." ज्यांच्या तराजूचा काटा डब्याआड किंवा कॅलेंडरखाली सापडला त्यांच्यावर त्यांनी खटले भरले. त्यात एक त्यांचा साडूही होता. साडूनं दंड भरला आणि दिवाळीला येणं बंद केलं.

अशा माणसानं आयुष्यात एकच चैन केली. सावंगीला डॉक्टरकी शिकणाऱ्या बाहेरगावच्या एका पोरानं शिक्षण संपल्यावर गाव सोडताना आपली गाडी विकायला काढली. लाल, बुटकी, दोनच माणसांची, वर टप नाही. कापडाचं छत होतं, ते मागं गुंडाळून ठेवायचं. पोरगा तिला स्पोर्ट्स कार म्हणत होता. वर्धा जिल्ह्यात गाडीत सात माणसं बसली तरी ती अर्धी रिकामी समजतात, त्यामुळं दोन माणसांच्या गाडीला गिऱ्हाईक नव्हतं आणि ती प्रभाकररावांना स्वस्तात पडली. घरात माणसं तीन होती : ते, बायको कोकिळाबाई आणि मुलगी अंकिता. गाडी दारात आली त्याच दिवशी कोकिळाबाईंनी विचारलं, "अन् अंकिता कुठं बसन?" अंकिता पुढची सहा वर्षं, लग्न होऊन जाईपर्यंत, वर्ध्याला एसटीनं गेली-आली.

देवळीनं गाडीचं नाव 'बिनटपाची' ठेवलं. वेगाचं म्हणाल तर यवतमाळ रोडवर ट्रॅक्टर सोडून बहुतेक सगळे तिला मागं टाकत. पण वरातीत वेग लागत नाही. नवरदेव चारी बाजूंनी दिसेल अशी गावात ती एकच गाडी, म्हणून लग्नसराईत तिला मागणी आली. प्रभाकरराव पैसे घेत नसत. एक नारळ आणि खांद्यावर दुपट्टा, बस. फेटा बांधून गाडी स्वतः चालवत. यंदाच्या मे महिन्यापर्यंत त्यांनी चाळीस नवरदेव मंडपाच्या दारात उतरवले होते आणि त्यांतल्या एकालाही पायी चालावं लागलं नव्हतं, हे ते लोकांना सांगत. लोकांनी विचारलेलं नसलं तरी सांगत.

एक्केचाळिसावा नवरदेव शेजारच्या बाबारावांचा रजत. मागच्या सालापासून गावात वर्ध्याहून दोन घोड्यांची बग्गी यायला लागली होती. रजतच्या होणाऱ्या सासऱ्यांनी बग्गीच सुचवली. "थे लाल गाडी आता म्हातारी झाली म्हन्ते," असं ते म्हणाले. बाबारावांनी शेजारधर्म पाळला आणि बिनटपाचीच ठरवली. सासऱ्यांचं वाक्यही त्यांनी शेजारधर्म म्हणूनच प्रभाकररावांपर्यंत पोचवलं.

लग्न गुरुवारचं. सोमवारी प्रभाकररावांनी गाडी प्रेमदास थूलकडं नेली. यवतमाळ रोडवर प्रेमदासचं टिनाचं गॅरेज आहे. चौदा वर्षं गाडी त्याच्याच हातची. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, तेव्हा प्रेमदास एका गाडीचा पंखा, दुसऱ्या गाडीचा पंप असं जमवून तिला चालती ठेवत होता. त्यानं रेडिएटरचा जुना रबरी पाइप काढून नवा बसवला, क्लिप आवळली आणि म्हणाला, "घ्या साहेब. आता नवरदेवाच्या पोराच्या लग्नालेही चालन."

गुरुवारी दुपारी फुलवाला आला. त्यानं झेंडूची अख्खी चादर विणून आणली होती. बॉनेटवरून सुरू होऊन ती थेट खालपर्यंत लोंबत होती आणि समोरची जाळी, जिच्यातून इंजिन वारा घेतं, तिच्याखाली पूर्ण झाकली गेली होती. प्रभाकररावांनी ते पाहिलं. जाळीपुरती फुलं काढायला सांगावी असं त्यांच्या मनातही आलं. पण गाडी दिसत मोठी देखणी होती.

पाच वाजता वरात मारुतीच्या देवळापासून निघाली. ऊन उतरलं होतं असं फक्त घड्याळ म्हणत होतं. पुढं ढोल-ताशांची धुमाल पार्टी, तिच्या भोंग्यांची पिकअप, मग नाचणारे, मग बिनटपाची. मंडपाचं लॉन तिथून पाऊण किलोमीटर. वरातीला पावणेदोन तास लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, गाडीला सोडून.

बँकेच्या कोपऱ्यावर इंजिनाच्या उष्णतेचा काटा अर्ध्याच्या पुढं गेला. चौकात तो तांबड्या रेघेला टेकला. रजतच्या मामाच्या दारासमोर धुमालवाल्यांनी मुक्काम ठोकला, तेव्हा काटा रेघेच्याही पलीकडं होता. इथं गाडी बंद करायची, पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायची, आणि नवरदेवानं उरलेली तीनेकशे पावलं चालायची, एवढाच उपाय होता. एकतीस वर्षं काटे वाचलेल्या माणसाला तो समजत नव्हता असं नाही. पण समोरच्या वळणावर ती बग्गी उभी होती. दुसऱ्या लग्नाला निघालेली, वरात पुढं सरकायची वाट पाहत. बग्गीवाला बिडी ओढत बिनटपाचीकडं पाहत होता.

प्रभाकररावांनी खिशातून पांढरा रुमाल काढला आणि काट्यावर अंथरला.

त्यानंतर गाडी बारा मिनिटं चालली. मग बॉनेटखाली कोणीतरी घण घातल्यासारखा आवाज झाला, झेंडूच्या चादरीतून वाफ निघाली आणि बिनटपाची जागच्या जागी मेली. नवरदेवाला धुमालच्या पिकअपवर चढवलं. दोन भोंग्यांच्या मधोमध बसून रजत मंडपात पोचला. मुहूर्त टळला नाही, कारण मुहूर्त आधीच टळलेला होता.

प्रेमदास नवा शर्ट घालून लग्नाला आला होता. त्यानं बाह्या सारल्या, फुलं ओरबाडून बॉनेट उघडलं. रबरी पाइप निसटून बाजूला लोंबत होता. आतल्या वाफेच्या जोरानं तो उडालेला होता, पण हे कळायला काटा पाहिलेला असावा लागतो. प्रेमदासनं पाइपाकडं पाहिलं आणि जमलेल्या शंभर माणसांत, आवाज न उतरवता म्हणाला, "सोमवारी मीच बसवला हा पाइप. क्लिप माह्याच हातानं ढिली राह्यली असन."

सगळ्यांनी प्रभाकररावांकडं पाहिलं. सगळे बॉनेटमध्ये डोकावत असताना त्यांनी रुमाल उचलून खिशात घातला होता.

लोकांना पटायला वेळ लागला नाही. प्रेमदास थूलसारख्याची चूक देवळीतल्या काही घरांना आडनाव ऐकूनच लवकर पटते, तशी कामडींची कधीच पटत नाही. हे प्रभाकररावांना माहीत होतं. आपण नुसते गप्प राहिलो तरी चालतंय ते कशाच्या जोरावर, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि तरी ते गप्प राहिले.

पुढचे तीन आठवडे देवळीला एक नवा विनोद मिळाला. प्रेमदासच्या गॅरेजात कोणी मोटरसायकल आणली की निघताना म्हणे, "क्लिप लावली नं, भाऊ?" पंक्चर काढून घेणाराही हेच म्हणे. एका शाळेच्या व्हॅनवाल्यानं तर विनोद न करता व्हॅन दुसरीकडं नेली, म्हणाला पोरं बसतात, रिस्क नको.

प्रेमदासनं इंजिन खोललं. हेड वाकलेलं, पिस्टन चिकटलेले. प्रभाकररावांनी घरी जाहीर केलं, "भंगारात देऊन टाकू." चौदा वर्षं या वाक्याची वाट पाहणाऱ्या कोकिळाबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना संशय आला. "एवढ्या लवकर?" त्या म्हणाल्या. "परवा साधा आरसा फुटला होता तं दोन दिवस जेवले नव्हते."

प्रभाकररावांच्या लेखी हिशेब सोपा होता. गाडी दुरुस्त करायची तर प्रेमदासच्या हातात रोज ते इंजिन येणार, आणि एखाद्या दिवशी इंजिन त्याला खरं सांगणार. भंगार बोलत नाही.

पण एका सकाळी प्रेमदासच फाटकाशी येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तरी आला नाही.

"साहेब, नागपूरले एका कबाड्याकडं इंजिन भेटलं. दुसऱ्या गाडीचं हाय, पण बसवतो मी. महिनाभर लागन."

"राहू द्या प्रेमदास. जुनी झाली आता. भंगारात टाकू."

"भंगारात नोका टाकू." प्रेमदासनं फाटकाची कडी उगाच वरखाली केली. "अन् पैशाचं बोलू नोका. माह्यी चूक, माह्या खर्चानं."

"विचार करून सांगतो," प्रभाकरराव म्हणाले.

तो गेल्यावर कोकिळाबाई म्हणाल्या, "भंगारात देतो म्हनत होते नं? मंग सरळ नाई काऊन नाई म्हटलं त्याले? अन् फुकट तं मुळीच करून घेऊ नोका. त्याची पोरगी जागृती नर्सिंगले हाय यंदा." प्रभाकररावांनी पेपर उघडला. तो आदल्या दिवसाचा होता.

त्या शुक्रवारी बसस्टँडजवळ रजत भेटला. नवीन लग्नाचं तेज, हातात मेंदीच्या खुणा. "काकाजी, लग्नाचा व्हिडिओ आला. रविवारी संध्याकाळी घरी लावून राह्यलो मोठ्या टीव्हीवर. तुम्ही पाह्यजेच. ड्रोनवाल्यानं वरून काय घेतली तुमची गाडी. टपच नाई नं, सगळं सगळं दिसते आतलं."

"सगळं?" प्रभाकररावांनी विचारलं.

"हो नं. माह्या फेट्याचा तुरासुद्धा."

शनिवारी दुपारी प्रभाकरराव गॅरेजात गेले. प्रेमदास डब्यातल्या रॉकेलमध्ये नट धूत बसला होता. प्रभाकररावांनी उभ्या उभ्याच सांगितलं : फुलं, काटा, रुमाल. सांगायला दीड मिनिट लागलं. तीन आठवडे जे एवढं मोठं वाटत होतं ते दीड मिनिटाचं निघालं, याचंही त्यांना वाईट वाटलं.

प्रेमदास नट धूतच राहिला. मग त्यानं हात पुसले.

"मी दोन येळा तो पाइप लावून पाह्यला, काढून पाह्यला," तो म्हणाला. "म्हटलं, माहा हात असा कसा चुकला. डोळे तपासाले गेलतो वर्ध्याले, साहेब. डॉक्टर म्हने डोळे चांगले हाय."

प्रभाकरराव काही बोलले नाहीत. या कामात ते आता तरबेज झाले होते.

"व्हिडिओ आला म्हून आले का तुम्ही?"

"नाही," प्रभाकरराव म्हणाले. मग म्हणाले, "माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. काल रजत भेटला नसता तर आपण इथं उभे असतो का, याचं उत्तर त्यांनी रात्रभर शोधलं होतं, आणि प्रत्येक वेळी काटा वेगळ्या घरावर थांबला होता.

"मी शंभर लोकाइत बोललो होतो," प्रेमदास म्हणाला. "तुम्ही टिनाखाली येऊन मले एकट्याले सांगून राह्यले. याचं मी काय करू? घरी नेऊ?"

"उद्या बाबारावांकडं या."

"मले बोलावणं हाय. मी येणार नव्हतो. क्लिप, क्लिप ऐकाले कोन येते."

"या," प्रभाकरराव म्हणाले. ते आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी विनंती करत होते, त्यामुळं ती हुकमासारखी वाटली.

रविवारी बाबारावांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढं बाया, मागं माणसं, दारात चपलांचा ढीग आणि चपलांपाशी उभा प्रेमदास. प्रभाकररावांना मात्र खुर्ची ठेवलेली होती. हळद झाली, मेंदी झाली, मग वरात आली. धुमाल, मामाचा नाच, मामीचा नाच. आणि एकदम कॅमेरा आकाशात गेला. खाली झेंडूचा एक लांबोडा ठिपका, त्यात दोन माणसं, त्यांतला एक फेटेवाला जरा हलला. दहाएक सेकंद. पुन्हा धुमाल.

कोणालाही काही दिसलं नाही. दिसणार कसं? प्रत्येक जण स्वतःला शोधत होता. "थे पाहा मी," मामी म्हणत होती, "माहा पदर पाहा कसा आला." सुटलो, असं प्रभाकररावांना वाटलं, आणि असं वाटल्याचीच त्यांना इतकी लाज वाटली की ते उठून उभे राहिले.

"बाबाराव, जरा बंद करा ते," ते म्हणाले. "मला बोलायचं आहे."

टीव्ही थांबला. साहेब भाषण करणार म्हणून लोकांनी पोरं मांडीवर घेतली.

"त्या दिवशी गाडी प्रेमदासमुळं बंद नाही पडली. क्लिप बरोबर होती. इंजिन तापलं होतं, ते मला दिसत होतं. मी थांबलो नाही. चूक माझी आहे."

मग बाबारावांचे डोळे भरून आले. "पाहा," ते सगळ्यांना म्हणाले, "माणूस कसा असावा. मेकॅनिकची चूक, पण गरिबाचं नाव खराब होऊ नये म्हून स्वतःवर घेतली." मामा म्हणाले, "साहेब पहिल्यापासून असेच." एका बाईनं नातवाला पुढं केलं, "आजोबाच्या पाया पड." नातू पडला. दाराजवळचा एक जण प्रेमदासच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घे भाऊ, साहेबानं वाचवलं तुले."

प्रेमदासनं तो हात खाली काढून ठेवला आणि चपला पायात घातल्या.

इतक्या वर्षांच्या चोख नोकरीनं कमावलेलं नाव असं कामाला येईल, हे प्रभाकररावांना ठाऊक नव्हतं. त्या नावामुळं आता त्यांचं खरंही कोणी खरं मानायला तयार नव्हतं.

"प्रेमदास, थांबा," ते म्हणाले. "रजत, तो वरचा भाग पुन्हा लाव."

"कोनता, काकाजी?"

"ड्रोनचा. हळू करता येते का?"

"येते नं."

"हळू कर. अन् माझ्याकडं पाहा सगळे. रजतकडं नाही, माझ्याकडं."

गाडी पुन्हा आकाशातून दिसली, यावेळी गोगलगायीच्या चालीनं. गाडी चालवणारा फेटेवाला खाली वाकून काहीतरी पाहतो. वर पाहतो. मग उजवीकडं पाहतो, कोणी पाहत नाही ना म्हणून. मग डावीकडं, नवरदेवाकडं. मग खिशात हात घालतो, पांढरं काहीतरी काढतो, झटकतो आणि समोर अंथरतो. त्याचे कोपरेसुद्धा नीट करतो. कोपरे नीट केल्याचं प्रभाकररावांना आठवत नव्हतं. डावी-उजवीकडं पाहिल्याचंही नाही. एकतीस वर्षांत शेकडो दुकानदारांना त्यांनी नेमक्या याच हालचाली करताना पकडलं होतं.

"तो इंजिनाच्या गरमीचा काटा आहे," ते म्हणाले. "मी झाकला."

मग कोपऱ्यातून एक किराणावाला, ज्यानं दोनदा दंड भरला होता, कोणालाच उद्देशून न बोलल्यासारखा म्हणाला, "काटा गिऱ्हाइकाकडं पाह्यजे होता."

हसू फुटलं ते आधी मागच्या रांगेत, मग पुढं. कोकिळाबाई हसल्या नाहीत. त्या टीव्हीकडं पाहत होत्या. रजत खाली मान घालून म्हणाला, "काकाजी, मले दिसला होता रुमाल. मी म्हटलं आता विचारलं तं उतरावं लागन." नवी नवरी त्याच्याकडं बघायला लागली, तसं त्यानं घाईघाईनं पुढचा भाग लावला.

बाहेर ओट्यावर प्रेमदास उभा होता. प्रभाकरराव त्याच्यापाशी गेले.

"उद्या भंगारवाल्याला बोलावतो," ते म्हणाले. "आता त्या गाडीत बसायचं तोंड नाही राहिलं मला."

"वा," प्रेमदास म्हणाला. "म्हंजे लोक काय म्हनतीन? प्रेमदासले बनली नाई, म्हून भंगारात गेली. तुमचं तोंड तुमच्यापाशी ठेवा, साहेब. गाडी बनन. ते इंजिन मी बयाना देऊन ठेवलं हाय. पैसे तुमचे, हात माहा. अन् बनली की गावातून फिरन."

"मी चालवणार नाही."

"तुम्हाले कोन चालवाले देऊन राह्यलं?"

नागपूरचं इंजिन पावसाळ्याआधी आलं. ते बसेना, तेव्हा प्रेमदासनं इंजिन टेकवायच्या लोखंडी बैठका कापून नव्या जोडल्या, रेडिएटर मोठा घातला. प्रभाकरराव रोज दुपारी गॅरेजात जाऊन बाकड्यावर बसत. काम नव्हतं, येणारा प्रत्येक जण काय झालं होतं हो साहेब म्हणून विचारे आणि ते सांगत. काही जण माहीत असूनही विचारत, त्यांनाही सांगत. शाळेच्या व्हॅनवाल्यालाही सांगितलं. तो व्हॅन घेऊन परत आला, पण प्रेमदासनं त्याला तीन दिवस ताटकळत ठेवलं.

गाडी सुरू झाली तो बाजाराचा दिवस होता. प्रभाकररावांनी मागचं गुंडाळलेलं कापडी छत ओढायला हात घातला.

"टप नाई लावाचा," प्रेमदास म्हणाला. तो चालवायच्या जागी बसला. प्रभाकरराव नवरदेवाच्या जागी बसले. त्या जागेवरून गाव इतकं जवळ दिसतं, हे त्यांना माहीत नव्हतं. बाजारात गाडीला वाट मिळेना. वांग्यांच्या ढिगामागून एक जण ओरडला, "साहेब, अक्षता टाकू का?" दुसरा म्हणाला, "नवरदेव जरा जुना हाय." एका बाईनं खरंच मूठभर मुरमुरे टाकले. सीटमध्ये खाली घसरत घसरत प्रभाकररावांचं डोकं गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

प्रेमदासनं गाडीचा वेग आणखी कमी केला.

"नीट बसा, साहेब," तो समोर बघत म्हणाला. "लोक पाहून राह्यले."